पर्यवेक्षिकाबाईंच्या टेबलाची कैफियत

विद्यार्थी मित्रांनो, मी तुमच्या शाळेतलं एक जुनं टेबल आहे. माझ्याकडे तुम्ही कधी नीट बघितलं नसेल, आणि बघावं असं आता काही उरलेलंही नाही. सुताराने घडवलं तेव्हा मात्र माझा थाट होता. वर काच, खाली दोन खण, पितळी कड्या. "भक्कम आहे हो," सगळे म्हणाले, आणि मुख्याध्यापकांची खोली नि शिक्षकांची खोली यांच्या मधोमध मला ठेवून मोकळे झाले.

ही पर्यवेक्षकाची जागा. मुख्याध्यापक फायली टाकतात, शिक्षक तक्रारी आणतात, आणि मधला माणूस दोन्हीकडून बोलणी खातो. माझी काच फुटली ती कोणी बदलली नाही. एका खणाची कडी गेली. कुरकुर करायची तरी कोणापाशी?

गेल्या वर्षी इथे विज्ञानाच्या बाई आल्या. चौदा वर्षं शिकवून पर्यवेक्षिका झाल्या, आणि पहिल्याच आठवड्यात या जागेवरची माणसं हमखास करतात ती चूक त्यांनी केली. शिक्षक संघटनेच्या बैठकीला जायचं सोडलं. "मी आता अधिकारी. माझ्यासमोर बाकीचे मोकळेपणाने बोलतील का?" असं शिपाईमावशींना म्हणाल्या. झालं. शिक्षकांच्या खोलीतला चहा सुटला, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला काही सुरू झाला नाही. डबा त्या माझ्यावरच खायच्या, एकट्या.

प्रयोगशाळेतली गॅसची नळी चिरली होती. बाईंनी मुख्याध्यापकांना तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तोंडी. "बघू," ते म्हणाले. मग काल तपासणीचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी सुरक्षा नोंदवही आणून माझ्यावर ठेवली. बारा आठवड्यांच्या बारा चौकटी कोऱ्या होत्या. प्रत्येकीपुढे छापलेलं होतं, 'तपासले. सुरक्षित आहे.'

"बाई, एवढ्या सह्या करून टाका. बाकी मी बघतो."

बाईंनी पेन उघडलं. एक सही केली. दुसरी. तिसरी. त्यांचा घामेजलेला हात माझ्यावर टेकला होता, आणि खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती.

तेवढ्यात संघटनेचे चिटणीस, म्हणजे आपले भूगोलाचे सर, तिथून चालले होते. वही बघून थबकले.

"बाई, नळी तपासलीत?"

"नाही."

"मग उद्या जे होईल ते तुमच्या नावावर. 'बाकी मी बघतो' हे त्यांनी कुठे लिहून दिलंय?"

"पण मी आता संघटनेत कुठे आहे, सर?"

"तुम्हाला काढलं कोणी? तुम्हीच यायच्या थांबलात."

सर खुर्ची ओढून बसले. काय झालं ते तारखांसकट मुख्याध्यापकांना लिहून द्या, म्हणाले. प्रयोगशाळा बंद ठेवायला हवी, हेही लिहा. कारकुनाकडून पोच घ्या, प्रत जवळ ठेवा.

"आणि या तीन सह्या?"

सरांनी वही आपल्याकडे ओढून बघितली. "त्यासुद्धा लिहा. न तपासता केल्या, म्हणून."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी लिहिलं. पोच घेतली. मग प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

आज सकाळी वही पुन्हा माझ्यावर होती. बाईंनी ती उघडली. बाराच्या बारा चौकटी भरलेल्या! तीन सह्या त्यांच्या, नऊ त्यांच्यासारख्या. काल शाळा सुटल्यावर माझ्यावर कोण वाकलं होतं, हे मला माहीत आहे. पण टेबलाची साक्ष कोण घेतं?

मग मुख्याध्यापकांचा निरोप आला, एकट्याच या. बाई सरांना घेऊन गेल्या.

"सर बाहेर थांबतील," मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले.

"मग मीही बाहेरच थांबते."

शेवटी दोघेही आत गेले. दार लागलं. तास होऊन गेला, अजून उघडलेलं नाही. त्या दारातून बाहेर आलेल्या काही माणसांनी मुकाट्याने माझा खण रिकामा केलेला मी बघितला आहे. बाईंची पोच त्यांच्या पर्समध्ये आहे, एवढाच काय तो धीर.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवी काचही नको. आज प्रयोगशाळेला कुलूप बघून, तास बुडाला म्हणून तुम्ही बाईंच्या नावाने खडे फोडाल. फोडू नका. आणि उद्या ते कुलूप निघालेलं दिसलं, तर आत पाऊल टाकण्याआधी एवढं विचारा, बाई कुठे आहेत?