पडदाभर तोंड

“पदर ओले की कोरडे, भिकुबाई?”

दर शुक्रवारी पहिला खेळ सुटला की मॅनेजर हेच विचारायचे. धुळ्याच्या त्या टॉकीजमध्ये बायांच्या बाजूचं दार भिकुबाई सांभाळायची. बाया रडल्या तर सिनेमा मुक्कामाला राहायचा, नाहीतर त्याच्या रिळांच्या पेट्या परत स्टेशनावर.

“ओलेच शेतस. पन साहेब, शिनेमातली सून ताप लपवीसन मरस, अन् शेवटले पडदावर...”

“आवडला ना बायांना? मग झालं!”

आवडला होताच. दुसऱ्या आठवड्यात बेबाबाई सुनेला घेऊन तिसऱ्यांदा आली. सुनेनं सोसणं शिकावं म्हणून. स्वतः शिकण्यासारखं तिला त्यात काही दिसलं नव्हतं.

सून पुष्पा, सतरा वर्षांची. मध्यंतरात नळापाशी ती भिंतीला टेकली. भिकुबाईनं हात धरला, तर चटका बसला.

“कितला दिन व्हयनात?”

“आठ. सासूले सांगू नको, मावशी.”

“डॉक्टरले दाखाड. अन् आज शेवट नीट देख. मरस ती, अन् पडदाभर तोंड तिना नवरानं! तिनावर कापड टाकी देतस. आपन बठ्ठ्या रडतस ते त्यानाकरता.”

पुष्पा लाजून हसली. “पन कितला रडस तो, मावशी! आमना ह्या ते माले नजर वर करी देखतस बी नहीत.”

भिकुबाईनं सरळ बेबाबाईला गाठून ताप सांगितला.

“शिनेमा देखाले बरी, अन् कामले ताप?” बेबाबाई म्हणाली. घंटा झाली, दिवे गेले.

सिनेमा तिसऱ्या आठवड्यात गेला. त्याच आठवड्यात, मंगळवारी, पुष्पा गेली.

भिकुबाई त्यांच्या गल्लीत पोचली तेव्हा ओट्यावर लोटन, पुष्पाचा नवरा, खांबावर डोकं आपटून रडत होता. साऱ्या बाया त्याच्याभोवती.

“कितला जीव व्हता त्याना तिनावर!” कुणीतरी म्हणालं. पदर डोळ्यांना लागले.

भिकुबाई त्यांच्यातून वाट काढत आत गेली. तिथं कुणीच नव्हतं. पुष्पाच्या तोंडावर कापड ओढलेलं होतं. तिनं ते हनुवटीपर्यंत खाली केलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि समोर बसून राहिली. बाहेर रडण्याचा आवाज चढत गेला. तिनं मान वळवली नाही.