फ्रान्सहून आलेला आरसा

मी धंद्यात खोटं बोलत नाही, असं पूर्वी बिनधास्त सांगायचे. आता सांगत नाही.

लोणावळ्यात माझं बंगल्यांच्या सजावटीचं दुकान आहे. मुंबईची माणसं इथे बंगला बांधतात आणि मग भिंतीवर काय लावायचं ते विचारायला येतात. मध्यंतरी सगळ्यांना एकच खूळ लागलं होतं, वेताच्या जुन्या फ्रेंच आरशांचं. मधे गोल काच, भोवती वेताची किरणं. माझ्याकडे असा आरसा नव्हता, मोबाईलमध्ये फोटो होता. तो मी पवनानगरच्या सखारामभाऊंना दाखवला. त्यांनी वीस वर्षं पुण्यात वेताच्या फर्निचरच्या कारखान्यात काढलेली. फोटो मोठा करून करून त्यांनी पाहिला आणि जमेल म्हणाले.

आठ दिवसांत आरसा तयार. वेत त्यांनी ज्योतीवर वाकवला, सालीची गुंफण त्यांच्या बायकोने, चिमाबाईंनी केली. मी नाक मुरडलं, फारच नवाकोरा दिसतोय म्हटलं. चिमाबाईंनी काच काढून ठेवली आणि सांगाडा पंधरा दिवस चुलीच्या वर, मासळी सुकवतात तिथे टांगला. उतरवला तेव्हा चांगला शंभर वर्षांचा वाटत होता. मागच्या फळीवर सखारामभाऊंनी दोघांची नावं लिहिली होती, मोत्यासारख्या अक्षरांत.

तुंगार्लीच्या प्रतीक्षाताईंना तो दुकानात पाहताक्षणी आवडला. फ्रेंच आहे ना, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. मग मागची नावं तशीच ठेवून कसं चालेल? पॉलिशपेपर घेऊन मीच ती घासून काढली.

सखारामभाऊ आणि चिमाबाईंची एवढीच इच्छा होती, की आरसा भिंतीवर लागलेला एकदा बघायचा. मी टाळत राहिले. मालक इथे नाहीत, पावसाळा संपू दे, रंगकाम चाललंय. दोन वर्षं मला कारणं कमी पडली नाहीत.

मग एक दिवस त्या बंगल्यात माकडं शिरली आणि आरशाची दोन किरणं मोडली. प्रतीक्षाताईंनी फोन करून जपून काम करणारा माणूस मागितला. अख्ख्या मावळात तसा माणूस एकच होता. तो बायकोला घेऊन आला. चिमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. मी दोघांना बंगल्यावर घेऊन गेले.

दिवाणखान्यात चिमाबाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हसल्या. तेवढ्यात प्रतीक्षाताई अगदी प्रेमाने सखारामभाऊंना म्हणाल्या, "काका, सांभाळून हं. फ्रान्सहून आलाय. आपल्याकडे नाही होत असं काम."

सखारामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते. एका वाक्याचं काम होतं. पण मला माझं दुकान दिसलं, त्यांच्याकडूनच करवून घेतलेले असेच आरसे फ्रेंच म्हणून मी ज्यांना दिले ते आणखी चार बंगले दिसले, आणि मी पडद्याच्या चुण्या नीट करत राहिले. माझी मलाच लाज वाटते ती त्या चुण्यांची.

त्यांनी आरसा उतरवून पालथा केला. घासलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवलं. असं काम आधी कधी केलंय का, प्रतीक्षाताईंनी विचारलं.

"न्हाई ताई," ते म्हणाले. "असला आरसा आमी पयल्यांदाच बगतोय."

माझी अब्रू त्यांनी झाकली. चिमाबाई बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, त्या काम संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

महिनाभर मला चैन पडेना. शेवटी पवनानगरला गेले. सखारामभाऊंनी वेत सोडला होता, धरणाकाठच्या कॅम्पवर ते तंबू ठोकायला जात होते. मी त्यांचे हात धरले, माफी मागितली. यापुढे प्रत्येक आरशावर तुमचं दोघांचं नाव, तेही समोर, पितळी पट्टीवर, असं शपथेवर सांगितलं.

त्यांनी हात हलकेच सोडवून घेतले. मग म्हणाले, "आता नको ताई. तुमच्या लोकांच्या भिंतीवर फ्रान्सचा आरसा लागलाय. त्यावर आमचं नाव घालून दुसरा दिलात, तर ते म्हनतील, ह्या गावठी मानसानं नक्कल मारलीया."

ते म्हणत होते ते खरं होतं, आणि ते खरं मीच करून ठेवलं होतं.