चावी हिरीकडं हाय

अक्षराच्या बाबतीत माझं डोकं लवकर फिरतं. शहापुरात सतरा वर्षं पाट्या रंगवतोय, आता मशीनवर अ‍ॅक्रिलिकच्या करतो. एक वेलांटी वाकडी गेली तर आख्खी पाटी भंगारात टाकतो.

म्हणून मुंबईच्या भावना मॅडम दुकानात येऊन म्हणाल्या, "शेखरभाऊ, यातलं एकही अक्षर सरळ करायचं नाही," तेव्हा मला हसूच आलं. मॅडम नुसत्या शब्दांची चित्रं करतात. झाड नाय, माणूस नाय, एखादं वाक्य, बस्स. त्यातल्या एकाच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर पन्नास प्रती काढायच्या होत्या. लोक त्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावणार. लावा बाबांनो, आपल्याला काय!

मग त्यांनी फोटो उघडला.

'दीपेश चावी हिरीकडं हाय. भात टोपात हाय.'

जुन्या सागाच्या दारावर कोळशानं लिहिलेलं. अक्षर माझ्या आईचं.

"चार वर्षांपूर्वी सिद्धगडाकडे फिरायला गेले होते. एका बंद दारावर दिसलं," मॅडम सांगत होत्या. "किती वाट पाहिलीय ना कुणीतरी!" मी मान हलवली आणि साईज विचारली.

दीपेश माझा धाकटा भाऊ. बापाच्या तेराव्याला आमचं भांडण झालं, मी त्याच्यावर हात उचलला आणि 'पुन्हा दारात दिसू नकोस' म्हणालो. तो अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. फोन बंद, पत्ता नाय. चूक माझी होती, उगाच कशाला लपवू?

आमच्या गावात बाहेर जाताना चावी शेजारी ठेवतात आणि ज्याला द्यायची त्याला तोंडानं सांगून ठेवतात. ज्याला सांगितलं नाय त्यानं मागायची नसते, घरचा असला तरी. आईला सांगायला दीपेश समोर नव्हता. म्हणून पंचावन्नाव्या वर्षी ती शेजारच्या हिरीआत्याच्या नातीकडून अक्षरं शिकली, तेवढ्या दोन वाक्यांपुरती. रानात जाताना रोज त्यावरून कोळसा फिरवायची. तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

आणि मला त्या अक्षरांची लाज वाटायची. हो, लाज! पाट्या रंगवणाऱ्याच्या दारावर हे असलं? तीन वर्षांपूर्वी आईला कल्याणच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी दार घासून काढलं आणि हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. आई घरी येईल तेव्हा तिला बरं वाटेल, असं सगळ्यांना सांगत फिरलो. आई घरी आलीच नाय. पुढं घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि ते दार चुलीत गेलं.

आठवडाभर मी फोटो मोठा करून ती अक्षरं रेघ न रेघ उतरवत होतो. 'दीपेश'वर कोळसा जास्त दाबलेला होता. हात सवयीनं रेघ सरळ करायला जायचा, मी मागं घ्यायचो. एकदा मशीन बंद करून मी तिथंच ढसाढसा रडलो. पन्नास पाट्या झाल्यावर मॅडमना सगळं सांगितलं आणि एक्कावन्नावी मागितली. त्या म्हणाल्या, "न्या."

पाटी गावच्या नव्या दारावर लावायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दीपेश कधी आलाच, तर आई त्याची वाट बघत होती हे त्याला दिसलं पाहिजे. माझ्या हातून तेवढं तरी व्हावं.

रविवारी सकाळी मुरबाडवरून गावी गेलो. चार स्क्रू पिळले, पाटी लागली. हिरीआत्या काठी टेकत आली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली, "पन ह्यो जनाचा हात." जना म्हणजे माझी आई. मग आत्या पायरीवर बसली. "आता लावतोस होय रे?"

"म्हणजे?"

"दीपेश आलता."

पेचकस खाली ठेवून मी विचारलं, "कधी?"

"तू दार रंगवलंस त्याच्या दुसऱ्या दिशी. मी लांब बांधावर होते. दारापुढं उभा राह्यला, कुलूप हलवलं. हाताला वला रंग लागला तो प्यांटीला पुसला. माझ्या घराकडं बघितलंन, पन आला नाय. कंच्या तोंडानं मागंल चावी? त्याला कुनी सांगितलं नव्हतं. मी हाका मारल्या, पन पोचेस्तवर गेलता."

"मग तवाच का नाय बोललीस?" मी ओरडलोच तिच्यावर.

"पाचव्या दिशी जना गेली. तू ऊर बडवत होतास. त्यात तुला काय सांगू, तुझ्या रंगापायी तो परत गेला म्हनून?"

आत्या उठली, घरात गेली आणि फडक्यात बांधलेली जुन्या कुलपाची दुसरी चावी घेऊन आली. ते कुलूप दारासोबतच गेलं होतं. मी हात पुढं केला.

तिनं मूठ मिटली.

"तुला नाय. जनानं दीपेशला द्यायला सांगितलीय," ती म्हणाली आणि चावी कनवटीला खोचून घरात गेली.