रुद्रम्माचा चाखायचा चमचा

ज्या दिवशी सगळ्यांना कळलं, तो गुरुवार होता. रुद्रम्माला जाऊन अजून महिना झाला नव्हता. सिद्धारामने हॉटेल पुन्हा उघडलं त्याला चार दिवस झाले होते. कृष्णराज गुरुजी दर गुरुवारी यायचे तसे आले, पंख्याखाली बसले आणि त्यांनी मनचाव सूप मागवलं. एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"सिद्धाराम, जरा इकडं ये. हे चाखलंस का?"

"चाखलं की, गुरुजी."

"परत चाख."

सिद्धारामने मला हातात घेतलं, गुरुजींच्या वाटीतलं थोडं सूप डाव्या तळहातावर ओतलं आणि चाटलं.

"बरोबर हाय की."

मागच्या टेबलावरचा एक ट्रकवाला हसला. "बरोबर? आवो, मिठागर हाय नुसतं!"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची व्हिनेगरची बाटली उचलली आणि सिद्धारामच्या त्याच तळहातावर ओतली. "हे चाट."

सिद्धारामने चाटलं. त्याचे डोळे मिटले नाहीत, तोंड वाकडं झालं नाही. पाणी प्यावं तसं त्याने ते चाटलं.

"कधीपासून?" गुरुजींनी विचारलं.

"कोरोनापासनं."

"मग इतकी वर्षं हे सगळं..."

सिद्धाराम भट्टीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग ट्रकवालाही हसायचा थांबला. त्याने खारट सूप तसंच संपवलं आणि गेला.

मित्रांनो, हे मी सांगू शकतो, कारण मी तिथे होतो. मी एक जुना सूपचा चमचा आहे. तुम्ही चायनीजच्या गाडीवर पाहिला असेल तसाच, पांढरा, खोलगट, बुडाला सपाट. माझ्या दांड्यावर एक लाल ड्रॅगन होता. आता त्याची फक्त शेपटी उरली आहे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला नीट आठवत नाही. गरम साच्यातून बाहेर पडलो आणि एका खोक्यात गेलो, एवढं आठवतं. सोलापूरच्या एका भांड्यांच्या दुकानातून सिद्धाराम आणि त्याची बायको रुद्रम्मा यांनी आम्हाला विकत आणलं. आम्ही सहा डझन होतो. हायवेच्या कडेला त्या दोघांचं नवं हॉटेल उघडायचं होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'शिवलीला चायनीज, शुद्ध शाकाहारी'. सिद्धाराम हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात दहा वर्षं कढईवर उभा राहून शिकून आला होता. दोघं लिंगायत, त्यामुळे आमच्या कढईला अंडंसुद्धा कधी लागलं नाही.

रुद्रम्माने खोकं उघडलं, मला हातात घेतलं आणि ड्रॅगन बघितला.

"अवो, ह्यो नागोबा हाय का?"

"ड्रॅगन म्हणत्यात त्याला."

"नागोबाच हाय. पर ह्याला पाय कशाला दिल्यात?"

तिने मला पाण्याने धुतलं आणि दांड्याला कुंकवाचं बोट लावलं. पूजा झालेला चमचा सहा डझनांत मी एकटाच.

पहिल्याच आठवड्यात मी टेबलावरून पडलो आणि माझ्या कडेचा एक टवका उडाला. मी टाकून द्यायच्या लायकीचा झालो होतो. पण रुद्रम्मा म्हणाली, "गिऱ्हाइकाचा व्हट कापंल. ह्यो राहू द्या माझ्याकडं, चाखायला." तेव्हापासून मी तिचा झालो.

चाखायची तिची पद्धत वेगळी होती. ती मला कधी तोंडाला लावायची नाही. कढईतलं सूप माझ्यातून डाव्या तळहातावर घ्यायची आणि तिथून चाटायची. लोकांचं अन्न उष्टं होता कामा नये, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. मग ती हात धुवायची. दिवसातून पन्नास वेळा चाखलं तर पन्नास वेळा हात धुवायची. मित्रांनो, मी चौदा वर्षांचा चमचा आहे आणि माझी कड आजपर्यंत एकाही माणसाच्या ओठाला लागलेली नाही.

आमचं हॉटेल चाललं. तुळजापूरचं दर्शन घेऊन परत निघालेले लोक थांबायचे. जवळचा किल्ला बघायला आलेल्या शाळेच्या सहली थांबायच्या. रुद्रम्मा सूपवर तळलेल्या नूडल्सबरोबर चिमूटभर शेंगाचटणी घालायची. सिद्धाराम सुरुवातीला चिडला होता. "चायनीजमध्ये शेंगाचटणी घालत न्हायत, येडे." ती म्हणाली, "मग घालत न्हायत तिकडं जाऊन खावा." पुढे लोक तेच मागायला लागले. एकदा हैदराबादचं एक कुटुंब गाडीत बसता बसता सिद्धारामला म्हणालं, "ऐसा सूप हैदराबाद में भी नै मिलता." सिद्धारामने मान डोलावली. रुद्रम्मा आत भांडी विसळत होती. तिने ऐकलं आणि नळ थोडा बारीक केला, पुढचंही ऐकू यावं म्हणून. पण गाडी निघून गेली होती.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. सिद्धारामला ताप आला. तो वाचला, पण त्याचा वास गेला आणि चवही गेली. महिनाभराने येईल म्हणाले. आली नाही. सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवलं, नाकात थेंब टाकले, लवंग आणि कापूर हुंगायला दिला. काही उपयोग झाला नाही. एका दुपारी तो कढईपुढे बसला आणि म्हणाला, "हाटेल बंद करू. आचाऱ्याला चव न्हाय म्हणजे संपलं."

रुद्रम्मा म्हणाली, "तुमचे हात हायती नव्हं? चव माझ्याकडं हाय. कुणाला सांगायची गरज न्हाय."

त्या दिवसापासून ती भट्टीशेजारी उभी राहायला लागली. एक बोट दाखवलं की मीठ. दोन बोटं दाखवली की व्हिनेगर. तीन बोटं म्हणजे तिखट. आणि मूठ दाखवली की झालं. मूठ दिसल्याशिवाय वाटी बाहेर जायची नाही, हा तिचा नियम होता. गर्दी असो, गिऱ्हाईक ओरडत असो, मूठ दिसेपर्यंत सिद्धाराम थांबायचा.

बाहेर बसलेल्यांना काचेतून फक्त ती मूठ दिसायची. ट्रकवाले चेष्टा करायचे. "काय शेठ, वैनी बुक्की दाखवत्यात! घरी काय केलंय?"

सिद्धाराम म्हणायचा, "केलं न्हाय काय, म्हणून तर दाखवतीया."

सगळे हसायचे. रुद्रम्मा पदर तोंडाला लावायची. साडेतीन वर्षं कुणालाही कळलं नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते. त्या दिवसांत मला विश्रांती नव्हती, आणि ती नको होती.

एका रिकाम्या दुपारी दोघं दारात बसले होते. रुद्रम्मा म्हणाली, "एक दिस मी भाईर बसणार. चार नंबरच्या टेबलावर, पंख्याखाली. तुमी आणून द्यायचं, गिऱ्हाइकाला देता तसं. वाटीभर. तळहातावर न्हाय."

"बस की आत्ता."

"आत्ता बसले तर मीठ कोण बघंल?"

सिद्धारामने चार नंबरच्या टेबलाकडे बघितलं.

"तुमची चव परत आली की बसते," ती म्हणाली. "घाई न्हाय मला."

"दिला शब्द," सिद्धाराम म्हणाला.

मित्रांनो, इतक्या वर्षांत तिने आपल्या हॉटेलातलं सूप वाटीभर कधीच प्यायलं नव्हतं. ती रोज घरून आणलेली भाकरी भट्टीमागे बसून खायची.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात, सकाळी लसूण सोलत असताना तिच्या छातीत कळ आली. सोलापूरला नेलं. दुपारी परत आणलं. लसूण अर्धी सोललेली तशीच ताटात होती. शेजारी मी होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुरुवारच्या त्या प्रसंगानंतर लोक वाईट वागले नाहीत. गुरुजी म्हणाले, "मी चाखायला येत जाईन." ते आठवडाभर आले. पण ते गुरुजी होते, त्यांना शाळेची कामं होती, आणि त्यांना सगळंच गोड लागायचं. मग सिद्धारामची मोठी बहीण शांताक्का उभी राहिली. तिला रक्तदाबाचा त्रास, घरी ती अळणी खायची. तिने मूठ दाखवली की बाहेरून वाटी परत यायची, "मीठ घालायचं राहिलं का?" म्हणून. दोघांनीही मनापासून केलं. पण रुद्रम्माची जीभ त्यांच्याकडे नव्हती. गिऱ्हाइकं कमी झाली. उन्हाळ्यात शटर बंद झालं. सिद्धाराम आता पुढच्या ढाब्यावर भाजी चिरायला जातो. चिरायला चव लागत नाही.

या मार्गशीर्षात तिचं वर्षाचं आलं. सिद्धारामने सकाळी शटर उघडलं. सात महिन्यांची धूळ झाडली, चार नंबरचं टेबल दोनदा पुसलं आणि भट्टी पेटवली. शांताक्का रुद्रम्माच्या समाधीवर न्यायला गव्हाची गोड हुग्गी आणि पोळ्या करून घेऊन आली होती.

"ह्ये काय मांडलंयस?"

"तिच्यासाठी सूप करतोय, अक्का. हितं टेबलावर ठेवणार."

"चायनीजचा निवद असतो व्हय रे?"

"तिनं मागितलं हुतं."

शांताक्काने हुग्गीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मागितलं हुतं तर कर. पर निवद हाय. त्यात चाखायचं न्हाय."

सिद्धारामचा हात थांबला. त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"अक्का, मला चाखूनबी कळत न्हाय. तुमी एवढं एक डाव बघा. तळहातावर घ्या, उष्टं हुत न्हाय."

"उष्ट्याचं न्हाय रे बाबा. तिच्या आधी आपुण कसं खायचं? एवढं सांगू नगं मला."

गुरुजीही आले होते, दारात उभे होते. सिद्धारामने त्यांच्याकडे बघितलं. गुरुजींनी मान खाली घातली. "सिद्धाराम, एरवी कधीही सांग. आज माझ्यानं नाही होणार. ठेवून झाल्यावर चाखतो."

"ठिवल्यावर चाखून काय उपेग, गुरुजी?"

सिद्धारामने सूप केलं. त्याचे हात काहीच विसरले नव्हते. आलं, लसूण, कोबी, गाजर, सोया सॉस, सगळं जिथल्या तिथे. मग त्याने मीठ घातलं आणि भट्टीशेजारी बघितलं. परत मिठाच्या डब्यात हात घातला, मूठ अर्धी भरली आणि तशीच थांबवली. एकदा घातलं होतं की दोनदा, हे त्याला आता सांगता येत नव्हतं. त्याने मला उचललं, तळहातावर सूप घेतलं, पण चाटलं नाही. नुसतं बघत राहिला. सूप थंड झालं तेव्हा त्याने हात धुतला.

शेवटी त्याने वाटी भरली, वर तळलेले नूडल्स घातले, चिमूटभर शेंगाचटणी घातली. दोन्ही हातांत वाटी धरून तो बाहेर निघाला आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबला.

"ठेव की," शांताक्का म्हणाली.

"खारट असंल तर?"

"ती काय म्हणणार हाय आता?"

"म्हणणार न्हाय, म्हणून तर," सिद्धाराम म्हणाला. "मूठ दिसल्याबिगर तिनं येक वाटी भाईर जाऊ दिली न्हाय, अक्का. परक्या माणसाची बी न्हाय. तिचीच वाटी मी कशी सोडू?"

वाफ निघायची थांबेपर्यंत तो त्या दारात उभा होता. मग आत वळला आणि सूप मोरीत ओतलं. वाटी धुतली, मला धुतलं, दोघांना पालथं घातलं. समाधीवर हुग्गी गेली, पोळ्या गेल्या. शटर परत खाली आलं.

मित्रांनो, मी जुना झालो आहे आणि टवका गेलेल्या चमच्याने कुणाला उपदेश करू नये. पण तुमच्याही घरी कुणीतरी असेल, जे भट्टीपाशी उभं राहून तुमच्यासाठी मीठ बघतं. ते माणूस कधी बसून जेवलं, हे एकदा आठवून बघा. आठवलं नाही तर आजच त्याला बसवा. मीठ कमी पडलं तरी चालेल. आम्ही चांगल्या दिवसाची वाट बघत राहिलो, आणि आमच्याकडे दर रिकाम्या दुपारी ते टेबल रिकामंच होतं.

आता मी अंधारात आहे. सिद्धारामची चव परत आलेली नाही, आणि येईल असं आता कुणी म्हणतही नाही. रुद्रम्माला चार नंबरच्या टेबलावर बसवून वाटीभर सूप द्यायचं होतं. ते दिलेलं नाही.