रतनने पळवलेली शिडी

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: साल एकोणीसशे चौतीस. चौलच्या खाडीकाठचा कोळीवाडा. घरोघरी रॉकेलच्या चिमण्या, आणि एकाच अंगणात विजेचा गोळा! शेजारच्या भातगिरणीच्या इंजिनावर वीज तयार व्हायची. अंबाजी कोळ्याच्या थोरल्या लेकीच्या, केसरच्या, लग्नाची हळद होती; तिच्यासाठी गिरणीच्या शेठनी एक तार त्याच्या अंगणात सोडू दिली होती.

अलिबागच्या मिस्त्रीने ती जोडली, तेव्हा केसरची धाकटी बहीण रतन सारखी त्याच्या मागे मागे. "आधी इंजिन बंद, मग हात कोरडे, मग तार," असं तो म्हणाला, ते तिने गाण्यासारखं पाठ केलं.

हळदीच्या दिवशी दुपारी माडाची झावळी पडली आणि तार तुटली. गिरणीकडचं टोक माडाला लोंबत राहिलं. गिरणी तशीच धडधडत होती.

"मिस्त्रीला बोलवा, बा," रतन म्हणाली.

"तो परवा येल. हळद आज हाय." अंबाजीने शिडी माडाला लावली. "रोज जाळी सांधतो मी. ही तर एक दोरी!"

आणि त्याने दोन्ही हात बादलीत बुडवले. कोळ्याची सवयच ती. सूत ओलं केलं की गाठ घट्ट बसते.

रतन शिडीपुढे आडवी आली. "ओल्या हातांनी न्हाय, बा! आधी इंजिन थांबवाया सांगा."

"शेठपुढं हात जोडू? साऱ्या वाड्याला सांगितलंय मी, हळद विजेखाली लागंल म्हणून. सर बाजूला, मोठी मिस्त्रीण आली!"

ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या. अंबाजी तारेचं टोक सोलायला कोयता आणायला वळला, तेवढ्यात रतनने बांबूची शिडी ओढली आणि फरफटत पळत सुटली.

"ठेव खाली!"

"न्हाय ठेवत!"

तिने शिडी गिरणीच्या दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसकण मारली. भाताच्या गाड्या खोळंबल्या, गाडीवान ओरडू लागले. शेठ बाहेर आले.

"ऊठ गं!"

"इंजिन थांबवा, मग उठते."

मागून अंबाजी धापा टाकत आला. हातांतून पाणी ठिबकत होतं.

"मारा मला, बा. पण शिडी न्हाय देत."

शेठनी ते हात पाहिले, माडावरची लोंबती तार पाहिली. "अरे, या हातांनी तिला धरणार होतास?" त्यांनी इंजिन थांबवलं आणि आतून तारच सोडवून टाकली. "आता मिस्त्री येईपर्यंत ही मेली."

अंबाजी तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आणि हळदीला उजेड? वाडा हसंल मला."

"हसू दे," रतन म्हणाली.

कुणालाही हात लावू न देता तिने शिडी परत आणली. राखेने कंदिलाची काच लख्ख पुसली, वात पेटवली. मग साऱ्या बायांच्या देखत शिडीवर चढून तिने, विजेचा गोळा होता नेमका तिथे, कंदील टांगला.