खुर्चीला वारा घालणारी बाई

“हे बाकडं आहे की ढेकणांची धर्मशाळा,” माझ्या मागे कुणीतरी पुटपुटलं. “फुकट दाखवतायत म्हणून बायकांना असं बसवायचं का? पुरुषांकडे बघा, खुर्च्या.”

पुरुषांकडे बघणार कसं? मध्ये पडदा होता. नई सडकेवरच्या त्या बाइस्कोपात दिवे असेतो बायकांच्या बाजूला जाड पडदा ओढलेला असायचा. अंधार झाला की तो सरकवत, म्हणजे आम्हाला चित्र दिसावं आणि आम्ही कुणाला दिसू नये.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मालक महिपतराव यांनी यंदा घरी गौर मांडून बाइस्कोपातच बायकांना बोलावलं होतं. आधी पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, मग एक विलायती खेळ, तो पुरुषांनाही फुकट. मुंबईहून कुणाची तरी जुनी रिळं त्यांनी घाऊक उचलली होती. एका डब्यावर उंच टोप्यांचे साहेब आणि भरलेलं टेबल असं चित्र होतं. त्यावरून महिपतरावांनी ठरवलं की खेळ हसण्याचा असणार. आधी कुणी बघितला नव्हता. फुकटचा खेळ आधी कोण बघतो.

चित्रं तेव्हा मुकी असत, आणि त्यांना बोलतं करायचं काम आमच्या ह्यांचं होतं. श्रीपाद उपाध्ये सकाळी कंपू मोहल्ल्यातल्या मराठ्यांच्या घरी पूजा सांगत आणि संध्याकाळी पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण समोरच्यांनाही येत नव्हतं. कुठल्याही चित्रावर ते एखादं पुराण अगदी मापात बसवत.

माझ्या शेजारी सुधाताई बसली होती. दारात महिपतरावांची सून विमल कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. सुधाताईपाशी तिचा हात क्षणभर थांबला, मग तिने घाईने बोट टेकवलं आणि पुढचीला म्हणाली, “आइए न, काकू.” कुंकू जरा कलतं लागलं. सुधाताईने ते पुसून नीट केलं नाही.

तिचा नवरा सूर्याजी दरबारच्या पलटणीबरोबर मिसरला, वाळवंटातल्या लढाईवर गेला. पलटण परत आली, तो आला नाही. मेला असंही कुणी कळवलं नाही, सापडत नाही एवढंच कळवलं. त्याचा धाकटा भाऊ कान्होजी त्याच पलटणीत होता. तो परत आला आणि विचारलं की म्हणायचा, “येईल दादा.” आमचे हे तिची पत्रिका बघून म्हणायचे, “ग्रह बरे आहेत, येतील.” लढाई संपून बारा वर्षं होऊन गेली.

बारा वर्षं माणसाची खबर नसली तर पळसाच्या पानांचा पुतळा बांधून त्याला अग्नी देतात, पुढचे दिवस करतात, आणि मागे राहिलेली मोकळी होतात. पण आमच्या ह्यांच्या घराण्याची रीत अशी की गेला हे आधी घरच्या माणसाने तोंडाने म्हणायचं. भटजीने फार तर आठवण करायची. आणि म्हणणार कोण? जो म्हणेल त्यानेच त्याला मारल्यासारखं व्हायचं.

म्हणून सुधाताईला सवाष्णींच्या पंगतीत पान मांडत, पण अगदी कडेला, मांडलंही आणि नाहीही. नव्या नवरीची ओटी भरायला तिला बोलावत नसत. कंपूतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा विचारलं होतं, बाळंतपणाचं काम शिकशील का, तुझा हात चांगला आहे. तिला जायचं होतं. माझ्याकडे ती दुसरं काही बोलत नसे. कान्होजी म्हणाला, “दादा आला की विचारू. त्याच्या परवानगीशिवाय मी कोण?” आता जागा फार दिवस धरून ठेवता येणार नाही असा बाईंचा निरोप त्याच आठवड्यात आला होता.

सकाळी मी ह्यांना म्हटलं होतं, “आज तरी कान्होजींना आठवण करा.”

“सणाच्या दिवशी?”

“मागे अधिक महिना होता. त्याच्या आधी त्यांच्या घरी लग्न होतं.”

“तू सांग मग.”

“मी कोण सांगणारी? दक्षिणा तुम्ही घेता.”

ह्यांनी उपरणं झटकलं आणि पंचांग उघडलं. पंचांगात तोंड खुपसलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

दिवे गेले, पडदा सरकला. बागेत लांबलचक टेबल, साहेब, मडमा, काटे-चमचे. टोकाला एक गोरी बाई, आणि तिच्या शेजारी रिकामी खुर्ची. “ही इंद्राची सभा,” ह्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात दोन खानसाम्यांनी मोठ्या परातीत एक शिपाई आणला. जखमी, डोळे उघडे. पाहुण्यांनी रुमाल लावले आणि सुरी-काट्याने त्याचे बूट कापायला घेतले. आमच्याकडे बायका किंचाळल्या, एकीने पन्हं सांडलं. पुरुषांकडे हशा पिकला. “दैत्यांची सभा,” ह्यांनी घाईने दुरुस्ती केली. एका साहेबाने शिपायाची बाही उभी चिरली. आतून रक्त नाही, वाळू आली. वाळू संपेना. ती बशांत पडली, पाहुण्यांनी ती चमच्याने खाल्ली आणि तोंडं पुसली.

“बंद करा ते,” पुरुषांतून एक आवाज आला. तो कान्होजीचा होता.

“बैठो न भई, मजा येतेय,” दुसरा कुणी म्हणाला. खेळ चालूच राहिला.

मग ती गोरी बाई रिकाम्या खुर्चीला पंख्याने वारा घालू लागली. पाहुणे एकेक करून उठून खुर्चीपुढे वाकत होते, तिची प्रकृती विचारत होते. एका सेनापतीने खुर्चीच्या पाठीला पदक टोचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईचे केस पांढरे व्हायला लागले तरी पंखा चालूच.

आता ह्यांना सूर सापडला. सावरलेल्या, गोड आवाजात ते सांगू लागले, “पाहा मातांनो, ही साध्वी. पती रणात गेला आहे. पण तिचा निश्चय पाहा. त्याचं आसन ती रिकामं ठेवते, त्याची सेवा करते. आणि तिच्या पुण्याईने तो येणार. येणारच.”

मी अंधारात डोळे मिटले. हेच शब्द, ह्याच आवाजात, मी सुधाताईच्या ओसरीवर किती वेळा ऐकले होते.

डोळे उघडले तेव्हा साहेबांनी करवत आणली होती. हसत हसत, गप्पा मारत ते खुर्चीचा पाय कापत होते. कापल्या लाकडातून रक्त येऊ लागलं. बाईने पंखा थांबवला नाही. रक्त तिच्या झग्यावर चढत गेलं आणि पाहुण्यांनी पेले उचलले.

आमचे हे गप्प झाले. इतकी वर्षं चित्रांना बोलतं करणारा माणूस, त्याला शब्द सुचेना. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुरुषांकडचा हशाही विरला होता.

आणि माझ्या शेजारी सुधाताई हसायला लागली.

आधी पदराआड, मग मोकळं. खोट्या पायाने चालणाऱ्या माणसाची नक्कल कुणी बरोबर केली की तो माणूसच आधी हसतो, तसं. मी तिचा हात धरला. “वहिनी,” ती मला म्हणाली, हसण्यातच, “त्या मेलीला कुणी सांगत का नाही हो?”

न सांगणाऱ्यांच्या रांगेत मीही उभी होतेच की.

रीळ संपण्याआधीच महिपतरावांनी दिवे लावले आणि बायकांचा पडदा ओढायचं विसरले. दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी ओरडलं, “पैसे वापस करो,” आणि कुणी त्याला खाली बसवलं, “अरे, फुकट आलायस तू.” महिपतराव हात जोडून सांगत होते की मुंबईवाल्याने फसवलं, पुढच्या खेपेला हमखास धार्मिक खेळ.

सुधाताई उठली आणि पडद्याच्या जागेतून सरळ पुरुषांकडे गेली. असं कुणी जात नसे. मी तिच्या मागे गेले. कान्होजी आपल्या खुर्चीत वाकून बसला होता, पागोटं मांडीवर. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने वर बघितलं आणि घाईने म्हणाला, “चला वहिनी, टांगा बघतो. वाईट खेळ होता. या साहेबलोकांना काही धरबंध नाही.”

“ती वाळू खरी असते का, भाऊजी?” तिने विचारलं.

पागोटं डोक्यावर ठेवायला त्याने उचललं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं.

आमचे हे एव्हाना जवळ आले होते. “सुधाताई, घरी चला,” ते म्हणाले, “मी उद्या येतो, निवांत बोलू. ग्रह…”

“राहू द्या, गुरुजी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दमलेल्या पोराला उचलून घेताना बाई बोलते तसा होता. ती कान्होजीसमोर खाली बसली, भर बाइस्कोपात, आणि त्याच्या मांडीवरच्या पागोट्यावर तिने हात ठेवला. “एवढी वर्षं तुम्ही एकट्यानेच मनात धरून ठेवलंत. तुम्हाला म्हणता येत नाही, मी म्हणते. भाऊजी, तुमचे दादा मेले.”