तीन इंची कविता

कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो: माझ्या एका कवितेनं अख्खं शहर सकाळभर ठप्प केलं होतं.

मी वर्तमानपत्रात पानं लावायचो. बातम्यांच्या पट्ट्या कापायच्या, कागदावर चिकटवायच्या. खाली जागा उरली की संपादक ओरडायचे, "अहो, एक तीन इंची कविता टाका!" माझ्या खणात कविता लांबीप्रमाणे लावलेल्या असत. आता कॉम्प्युटर पान इतकं गच्च भरतो की टाचणी शिरायची नाही.

बायको जाऊन महिना झाला नव्हता. कामावर जात होतो. घरी थांबून करणार काय? त्या दिवशी निधनवार्तांच्या पानावर जागा उरली आणि खण रिकामा. मग मीच लिहिली, तिच्यावर. आठ ओळी. खाली नाव घातलं नाही. लावून बघतो तर दोन ओळी जास्त. हाताला सवय बातमीची, लांबलं की शेपूट छाटायचं. छाटलं. सकाळी छापून आल्यावर कळलं, सांगायचं होतं ते सगळं त्या शेपटातच होतं.

ही गोष्ट माझ्या भिंतींना पाठ आहे, पण त्या हूं की चूं करत नाहीत. परवा लेक दोन तासांसाठी आली, शर्टाला बटण लावत बसली, म्हणून तिला ऐकवली.

"आठ वाजल्यापासून फोन! पुढे काय, पुढे काय! ड्रायव्हरनं भर चौकात बस सोडलेली. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं, फेसासकट फोनवर. एक सर्जन तर..."

"पेशंटला टेबलावर ठेवून?"

"उघडा ठेवून, ठकू! तीनशे सतरा फोन. माझा कान सुजला."

तिनं दातानं दोरा तोडला. "बाबा, फोन एकच आला होता."

"तुला काय ठाऊक? तू होस्टेलवर होतीस."

"तिथूनच केला होता. कवितेत होतं, आई चहात बोट बुडवून बघायची. हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार? नाव सांगायचा धीर झाला नाही. नुसतं विचारलं, पुढे काय आहे. तुम्ही 'राँग नंबर' म्हणालात आणि ठेवून दिलात."